नाट्यगृहातील डिजिटल मिक्सर आणि शेवटची रांग

राखेचा बुधवार सरला की आपल्या अनेक धर्मग्रामांत प्रभू येशूच्या दुःखसहनावरील नाटकाच्या तालमींना रंग चढू लागतो. कुणी संहिता पाठ करीत असतो, कुणी क्रूस रंगवीत असतो, तर कुणाच्या ओटीवर रोमन शिपायांची शिरस्त्राणे वाळत पडलेली असतात. या लगबगीत एक काम मात्र शेवटच्या दिवसापर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही. ते काम म्हणजे ध्वनिव्यवस्था. प्रयोगाच्या दिवशी सकाळी भाड्याचा मिक्सर नाट्यगृहात येऊन पडतो आणि 'याला कॉम्प्युटरमधले कळते' एवढ्या पात्रतेवर एखाद्या युवकाला त्याच्यापुढे बसविण्यात येते.

आम्हीही असेच बसविले गेलो होतो. त्याला आता बरीच वर्षे झाली. अलीकडे शेजारच्या धर्मग्रामांतील युवक-युवती आम्हांला विचारतात, "दादा, या डिजिटल मिक्सरवर एवढी बटणे कशाला? आवाज वाढवायचा कुठून?" त्यांना वेळोवेळी तोंडी सांगितलेले येथे एकत्र मांडत आहोत. मात्र सुरुवात आमच्या फजितीपासूनच केलेली बरी.

त्या वर्षी आमच्या नाटकासाठी प्रथमच डिजिटल मिक्सर आला होता. पात्रांना अकरा कॉलर माईक लावले होते, रंगमंचावर तीन माईक वरून टांगलेले होते आणि पार्श्वसंगीत लॅपटॉपवरून येत होते. रंगीत तालमीत आम्ही प्रत्येक प्रवेशासाठी मिक्सरची मांडणी ठरवून यंत्राच्या स्मृतीत साठविली. प्रवेश बदलला की एक बटण दाबायचे आणि सारे फेडर आपोआप सरकून जागच्या जागी येणार! ते पाहायला तालमीला आलेली मुले आमच्याभोवती गोळा होत होती. प्रयोगात फटक्यांचा प्रवेश चालू असताना येशूची भूमिका करणाऱ्या तरुणाचा कॉलर माईक घामाने भिजून बंद पडला. विंगेतील कार्यकर्त्याने समयसूचकता दाखवून त्याला राखीव माईक लावला. तो चौदाव्या चॅनेलवर होता. आम्ही चौदावा चॅनेल उघडला, आवाज आला, जीव भांड्यात पडला. पुढे क्रूसाचा प्रवेश आला आणि आम्ही ठरल्याप्रमाणे बटण दाबले. यंत्राने तालमीतील मांडणी जशीच्या तशी परत आणली. तालमीत चौदावा चॅनेल बंद होता, तो यंत्राने इमानेइतबारे बंद केला.

क्रूसावरील उद्गार तिसऱ्या रांगेच्या मागे पोहोचले नाहीत. चौदावा चॅनेल फेडरांच्या दुसऱ्या पानावर आहे हे ध्यानात येईपर्यंत बराच वेळ गेला. प्रयोगानंतर शेवटच्या रांगेतील एक आजी आमच्याजवळ आल्या. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. "बाळा, सगळं दिसलं रे, पण येशू काय बोलला ते काही ऐकू आलं नाही," एवढेच म्हणून त्या काठी टेकत निघून गेल्या. त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही.

आता यंत्राकडे वळू. जुन्या मिक्सरमध्ये माईकमधून आलेली विद्युतलहर तारांतून, खुंट्यांतून आणि फेडरमधून वाहत थेट बाहेर पडते. डिजिटल मिक्सर त्या लहरीचे प्रथम आकड्यांत रूपांतर करतो. बहुतेक यंत्रांत लहरीची उंची दर सेकंदाला ४८,००० वेळा मोजली जाते, काहींत ९६,००० वेळा. त्यापुढील सारे काम, म्हणजे आवाज कमी-जास्त करणे, त्यातील घुमारा कापणे, अनेक आवाज एकत्र करणे, ही आकडेमोड असते. शेवटी त्या आकड्यांची पुन्हा लहर होऊन ती स्पीकरकडे जाते. या साऱ्याला काही सहस्रांश सेकंद लागतात, कानाला तो विलंब जाणवत नाही.

आकडेमोड असल्यामुळेच यंत्राला मांडणी 'लक्षात' ठेवता येते, आणि त्यामुळेच त्यावर खुंट्या कमी दिसतात. जुन्या मिक्सरवर बत्तीस चॅनेल असतील तर प्रत्येकाच्या खुंट्यांची स्वतंत्र उभी ओळ असे. कोणती खुंटी कोठे आहे हे एका दृष्टिक्षेपात कळे. डिजिटल मिक्सरवर खुंट्यांचा एकच संच असतो. ज्या चॅनेलचे बटण दाबाल त्याला तो लागू होतो. फेडरही अनेकदा चॅनेलांहून कमी असतात आणि ते पाने उलटल्याप्रमाणे बदलावे लागतात. नवशिक्याची पहिली चूक येथेच होते. पिलाताचा आवाज सुधारायला जावे आणि प्रत्यक्षात कैफाचा बिघडवावा! खुंटीला हात लावण्यापूर्वी पडद्यावर कोणाचे नाव आहे ते वाचावे, ही सवय तालमीतच लागली पाहिजे. त्यासाठी चॅनेलांना '१, २, ३' असे न ठेवता पात्रांची नावे द्यावीत.

ही यंत्रे आपल्या आवाक्यात आली त्याला फार काळ झालेला नाही. यामाहा या जपानी कंपनीचा ०२आर हा डिजिटल मिक्सर १९९५ सालचा, तर नाट्यगृहांत आणि चर्चमध्ये गाजलेला एम७सीएल २००५ सालचा. २०१२ साली बेहरिंगर कंपनीचा एक्स-३२ आला. बत्तीस माईक घेणारे आणि आपोआप सरकणारे पंचवीस फेडर असलेले हे यंत्र स्वस्त होते, आणि त्यामुळे डिजिटल मिक्सर लहान संस्थांच्याही हाती आला. तसे पाहिल्यास ख्रिस्तसभा या क्षेत्रात कधी फार मागे राहिलेली नाही. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी पोप अकरावे पायस यांनी व्हॅटिकन रेडिओचे उद्घाटन केले, त्याची उभारणी खुद्द मार्कोनी यांनी केली होती. आपल्या सभागृहातील पंख्यांचा आवाज मात्र अद्याप कुणाला आवरता आलेला नाही!

कामाची सुरुवात फेडरपासून करू नये. ती 'गेन'पासून करावी. माईकमधून येणारी लहर अतिशय क्षीण असते. तिला कामापुरते बळ देणारी खुंटी म्हणजे गेन. येथे डिजिटल यंत्राचा स्वभाव जुन्याहून निराळा आहे. जुन्या मिक्सरमध्ये आवाज मर्यादेबाहेर गेला तर तो हळूहळू फाटू लागे. डिजिटल यंत्रात आकड्यांना वरची हद्द असते, तिला शून्य म्हणतात आणि सारी मोजणी तिच्याखाली उणे आकड्यांत होते. त्या हद्दीवर लहर आदळली की तिचा माथा छाटला जातो आणि कर्कश तडतड ऐकू येते. म्हणून साधारण बोलणे उणे १८ डेसिबलच्या आसपास राहील एवढाच गेन द्यावा. उरलेली जागा आरडाओरड्यासाठी. तालमीत नट हातचे राखून बोलतो, प्रयोगात मात्र 'क्रूसावर द्या' म्हणून ओरडणारा जमाव रंगमंच डोक्यावर घेतो. गेन ठरविताना प्रत्येकाला त्याच्या भूमिकेतील सर्वांत मोठ्याने म्हणावयाचे वाक्य पूर्ण ताकदीने म्हणायला लावावे. 'हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग' यातून काहीही कळत नाही.

यानंतर स्मृतीचा भाग. मिक्सरच्या भाषेत साठविलेल्या मांडणीला 'सीन' म्हणतात. नाटकातील प्रवेश आणि मिक्सरचा सीन यांची गल्लत होऊ नये म्हणून आम्ही संहितेच्या समासात सीनचे क्रमांक लाल शाईने लिहितो, आणि ज्या शब्दावर बटण दाबायचे त्या शब्दाभोवती वर्तुळ काढतो. पडदा सरकताना किंवा दिवे मालवताना दाबू असे ठरविल्यास हमखास घोटाळा होतो. शब्दच पकडावा.

आमची फजिती जिच्यामुळे टळली असती, अशी एक सोय बहुतेक डिजिटल मिक्सरमध्ये असते. एखाद्या चॅनेलला सीनच्या अंमलातून वगळता येते. त्याला 'सेफ' करणे म्हणतात. असा चॅनेल सीन बदलला तरी जसा हाताने ठेवला आहे तसाच राहतो. राखीव माईक, निवेदकाचा माईक आणि धर्मगुरूंच्या हातातील माईक हे तीन आम्ही आता कायम सेफ ठेवतो. गेनही वगळतो, कारण प्रयोगाच्या ऐन वेळी कमी केलेला गेन पुढच्या सीनबरोबर पूर्ववत झाला तर माईक शिट्टी मारू शकतो. सीन उघड-बंद करण्यासाठी वापरावा, नटाच्या त्या दिवसाच्या आवाजाचा अंदाज मात्र माणसाच्या हातातच ठेवावा. कोणाला सर्दी झाली आहे हे यंत्राला तालमीच्या दिवशी ठाऊक नसते.

दुसरी सोय गटाच्या फेडरची. यंत्रावर तिला 'डीसीए' असे नाव असते. अनेक चॅनेलांवर एकच मुकादम नेमावा तसा हा प्रकार आहे. बारा प्रेषितांपैकी ज्यांना माईक आहेत ते सर्व एका फेडरखाली, जमाव दुसऱ्याखाली, संगीत तिसऱ्याखाली, येशू मात्र एकटा. त्यामुळे प्रयोगाच्या वेळी डोळ्यांसमोर बत्तीस फेडर नसून सात-आठच असतात आणि नजर रंगमंचावर राहते. मुकादम खाली आला तरी गड्यांची आपसांतील उंची बदलत नाही, हे याचे वैशिष्ट्य.

आता मुख्य मुद्दा. त्या आजींचे वाक्य आमच्या मनातून जात नव्हते, म्हणून पुढच्या वर्षी आम्ही अधिक मोठे स्पीकर आणले. आवाज दणदणीत झाला. तरीही मागील रांगांतील वडीलधाऱ्या मंडळींनी तेच सांगितले : आवाज येतो, शब्द कळत नाहीत. तेव्हा कोठे आमच्या ध्यानात आले की आवाज मोठा असणे आणि शब्द कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

स्वरांचे बळ खालच्या आणि मधल्या पट्टीत असते. व्यंजनांची ओळख मात्र पुष्कळशी वरच्या पट्टीत, साधारण २,००० हर्ट्झच्या वर असते. 'स' आणि 'श' हे तर त्याहून वर सळसळतात. आपल्या मराठीत 'क' आणि 'ख', 'प' आणि 'फ', 'त' आणि 'थ' यांतील भेद केवळ श्वासाच्या एका झोताचा आहे. तो झोत हरवला की 'काल' आणि 'खाल' यांत फरक उरत नाही. वयोमानाने माणसाची श्रवणशक्ती प्रथम याच वरच्या पट्टीत मंदावते. अशा कानाला खालचा घुमारा भरपूर ऐकू येतो आणि शब्द धूसर राहतो. फेडर वर केला की घुमारा आणि शब्द दोन्ही सारखेच वाढतात, त्यामुळे अडचण जेथल्या तेथेच राहते.

यावर उपाय काढून टाकण्याचा आहे. प्रत्येक बोलणाऱ्याच्या चॅनेलवर साधारण १०० हर्ट्झच्या खालचे सारे कापून टाकावे. त्यातून पंख्यांची घरघर, पावलांचा धपधपाट आणि कपड्यांची घासाघीस पुष्कळ कमी होते. कॉलर माईक छातीवर असेल तर आवाज घुमट येतो. तेथे २५० हर्ट्झच्या आसपास थोडे कमी करावे. शक्य असल्यास माईक केसांच्या रेषेजवळ कपाळावर बसवावा, मोठ्या नाट्यगृहांत संगीत नाटकांच्या वेळी तसेच करतात. येशूच्या लांब केसांच्या टोपामुळे हे आपल्या नाटकात सहज जमते. काट्यांचा मुकुट चढविताना मात्र शिपायाने बेताने हात लावावा, एवढे त्याला बजावून ठेवावे लागते!

दुसरी गोष्ट उघड्या माईकांची. रंगमंचावर आठ पात्रे उभी आहेत आणि बोलतो एकटा पेत्र, अशा वेळी आठही माईक उघडे ठेवले तर पेत्राचा आवाज आठ ठिकाणांहून किंचित पुढे-मागे मिक्सरमध्ये शिरतो. त्याने शब्द पोकळ होतो. शिवाय उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी वाजण्यापूर्वीची जी मोकळीक असते ती ३ डेसिबलने घटते. आठ माईक म्हणजे तीनदा दुप्पट, म्हणजे एकूण ९ डेसिबल हातचे गेले. एवढी मोकळीक गमावून मोठे स्पीकर आणण्यात काय अर्थ? म्हणून मोठ्या नाट्यगृहांतील ध्वनिसंचालक ओळीओळीने फेडर चालवितात : जो बोलणार त्याचा माईक वाक्याच्या आधी अर्धा श्वास वर, बोलून झाले की खाली. हे करायचे तर संहिता नटाइतकीच पाठ हवी. आमच्यातील एकाला आता पेत्राचे नाकारणे तिन्ही वेळा, कोंबड्याच्या आरवण्यासह, तोंडपाठ आहे.

खरे तर नाट्यगृह नीट बांधलेले असेल तर बोलण्यासाठी माईक लागूच नये. मुंबईत नरिमन पॉइंट येथील टाटा थिएटर १९८० साली उघडले. फिलिप जॉन्सन हे त्याचे वास्तुरचनाकार आणि सिरिल हॅरिस हे ध्वनितज्ज्ञ. सुमारे हजार आसनांच्या त्या नाट्यगृहाची रचनाच विनामाईक आवाज सर्वत्र पोहोचावा अशी केलेली आहे. आपली बहुउद्देशीय सभागृहे लग्न, बॅडमिंटन आणि नाटक या तिहींसाठी बांधलेली असतात. गुळगुळीत भिंती आणि वर पत्रा, त्यामुळे शब्द घुमत राहतो. रिकाम्या सभागृहात तो अधिकच घुमतो. माणसे भरली की त्यांचे कपडे आणि शरीरे ध्वनी शोषून घेतात. तेव्हा दुपारच्या रिकाम्या सभागृहात केलेली जुळवाजुळव संध्याकाळी तशीच लागू पडेल असे धरून चालू नये. पहिल्या प्रवेशात कान मागच्या रांगेकडे ठेवून हात हलका चालवावा लागतो.

लांब सभागृहात मागील भागासाठी वेगळे स्पीकर लावतात. तेथे एक साधा हिशेब असतो. आपल्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४८ मीटर जातो, तर तारेतून लहर तत्काळ पोहोचते. मागचा स्पीकर पुढच्यापासून १८ मीटरवर असेल तर त्याचा आवाज पुढच्यापेक्षा जवळजवळ ५२ मिलिसेकंद आधी निघतो आणि मागे बसलेल्याला प्रत्येक शब्द दुहेरी ऐकू येतो. मिक्सरवर त्या स्पीकरच्या वाटेवर तेवढा विलंब घालता येतो. त्यात आणखी दहा मिलिसेकंद वाढविले की आवाज रंगमंचावरूनच येतो आहे असे कानाला वाटते, कारण जो ध्वनी आधी पोहोचतो त्याच्याच दिशेला कान मान देतो. फीत लावून अंतर मोजणे, भागाकार करणे, आकडा भरणे, एवढेच काम आहे. दहा मिनिटांत होते आणि बहुतेक ठिकाणी कुणी करीत नाही.

विजेविषयी दोन शब्द. जुना मिक्सर वीज गेली आणि आली तर लगेच बोलू लागे. डिजिटल यंत्र संगणकासारखे पुन्हा सुरू होते. काहींना काही सेकंद पुरतात, काहींना त्याहून बराच अधिक वेळ लागतो. क्रूसाच्या प्रवेशात तेवढी शांतता फार मोठी वाटते. जनरेटर असला तरी तो सुरू होईपर्यंत वीज जातेच. म्हणून मिक्सर, माईकचे रिसीव्हर आणि लॅपटॉप यांना एक लहान यूपीएस द्यावा. अँप्लिफायर सुरू करताना सर्वांत शेवटी आणि बंद करताना सर्वांत आधी, नाही तर स्पीकरमधून तोफ उडाल्यासारखा धमाका होतो. साऱ्या मांडणीची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. भाड्याचा मिक्सर मधल्या दिवसांत दुसऱ्या कार्यक्रमाला जाऊन येतो आणि आपले सीन पुसले गेलेले असतात, हा अनुभव आम्ही एकदा घेतला आहे, तो पुन्हा घेण्याची इच्छा नाही.

प्रयोगाच्या वेळी मिक्सरपाशी पाहुण्यांची गर्दी होते. एकीची तक्रार, मुलीचा आवाज कमी येतो. गायकवृंदाला आपला माईक वाढवून हवा असतो. ज्यांनी देणगी दिली त्यांना संगीत जोरात हवे असते. या सर्वांना आदराने 'हो' म्हणावे आणि कान रंगमंचाकडे ठेवावेत.

गेली काही वर्षे आम्ही रंगीत तालमीला एक नवा प्रघात पाडला आहे. धर्मग्रामातील सात-आठ आजी-आजोबांना बोलावून शेवटच्या रांगेत बसवितो. ज्यांना लिहिता येते त्यांच्या हाती कागद-पेन्सिल, इतरांजवळ एकेक युवती. जो शब्द कळला नाही तेथे खूण करायची. पहिल्या वर्षी सर्वाधिक खुणा गेथसेमनी बागेच्या प्रवेशात आल्या. आम्ही त्या प्रवेशाचे पार्श्वसंगीत फार सुरेल म्हणून मोठे ठेवले होते, आणि बासरी नेमकी बोलणाऱ्याच्या पट्टीत वाजत होती. ती ६ डेसिबलने खाली घेतली. मग पुन्हा प्रवेश केला. आमच्या त्या आजीही त्या रांगेत होत्या. त्यांनी दुसऱ्या वेळी कागद कोरा परत केला आणि विचारले, "चहा कधी येणार?"